लोणी जास्त, कॉड कमी: युरोपातले सत्तावीस देश शेती आणि समुद्र कसे वाटून घेतात

डिसेंबर महिन्यात ब्रसेल्समध्ये सत्तावीस देशांचे मंत्री एकत्र बसतात आणि पुढच्या वर्षी कुठल्या समुद्रातून कुठला मासा किती टन धरायचा हे ठरवतात. चर्चा सुरू होते, रात्र उलटते आणि बरेचदा पहाटेच आकडे जाहीर होतात. याच मंत्र्यांच्या परिषदेत एरवी दुधाचे भाव, कीटकनाशकं, गव्हाची आयात यांवर वाद झडत असतात. युरोपीय संघात शेती आणि मासेमारी यांची मंत्रिपरिषद एकच आहे. ऑस्ट्रिया, हंगेरी, चेकिया यांना समुद्रकिनाराच नाही, तरी कॉड या माशाच्या कोट्यावर त्यांचंही मत मोजलं जातं.

या परिषदेचं नाव मराठी वाचकाच्या कानावर फारसं येत नाही. तिच्या कामाची झळ मात्र येते: युरोपने आपला आंबा अडवला की, किंवा तिथले शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर उतरल्याच्या बातम्या आल्या की. पण साठ-सत्तर वर्षं इतके देश एकत्र बसून अन्नाचं धोरण ठरवत आहेत, असं उदाहरण जगात दुसरं सापडणं कठीण. आणि त्यात एक गोष्ट फार शिकण्यासारखी आहे. एकाच टेबलावर घेतलेल्या निर्णयांनी शेतात इतकं पिकवलं की गोदामं पुरेनात, आणि समुद्रातून इतकं उपसलं की मासळी उरेना. वरवर उलट दिसणाऱ्या या दोन गोष्टी माझ्या मते एकाच कारणाने घडल्या. ते कारण समजलं की बाकीचं सगळं समजायला सोपं जातं.

सुरुवात भुकेपासून

१९४४-४५ च्या हिवाळ्यात, जर्मन सैन्याच्या ताब्यात असलेल्या पश्चिम नेदरलँड्सचा अन्नपुरवठा तुटला. लोकांनी ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले. सुमारे वीस हजार माणसं उपासमारीने गेली. त्या दिवसांत सिको मान्सहोल्ट नावाचे एक शेतकरी वीरिंगरमेअर इथे, समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर शेती करत होते. ते नाझींविरुद्धच्या प्रतिकार चळवळीत होते. माणसं लपवणं, धान्य पोचवणं ही कामं करत होते. युद्ध संपलं आणि जून १९४५ मध्ये ते मंत्री झाले. खातं होतं शेती, मत्स्यव्यवसाय आणि अन्नपुरवठा. पुढे १९५८ साली युरोपीय आयोगाचे, म्हणजे प्रस्ताव मांडणाऱ्या आणि कारभार पाहणाऱ्या सामायिक यंत्रणेचे, पहिले शेती आयुक्त तेच झाले. ज्यांनी भूक डोळ्यांनी पाहिली होती अशा माणसांनी हे धोरण लिहिलं, एवढं ध्यानात ठेवलं तर पुढच्या अनेक अजब वाटणाऱ्या निर्णयांचा अर्थ लागतो.

फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, नेदरलँड्स, बेल्जियम आणि लक्झेंबर्ग या सहा देशांनी १९५७ मध्ये आजच्या युरोपीय संघाचा पाया घालणारा रोमचा करार केला. त्याच्या ३९व्या कलमात शेती धोरणाची पाच उद्दिष्टं आहेत: उत्पादकता वाढवणं, शेतकऱ्याला बऱ्यापैकी राहणीमान मिळवून देणं, बाजार स्थिर ठेवणं, पुरवठ्याची खात्री आणि ग्राहकाला वाजवी भाव. माती, पाणी, निसर्ग यांचा उल्लेख नाही. हे कलम आजही त्याच शब्दांत लागू आहे. आणि शेतमाल म्हणजे काय, याची व्याख्या करताना करारात जमिनीचं उत्पादन आणि पशुपालन यांच्या जोडीला मासळीही घातली होती. मासेमारी शेतीच्या परिषदेत आली ती या एका ओळीमुळे. त्या वेळी त्याकडे कोणी फारसं लक्ष दिलं नाही.

करारामागचा व्यवहार साधा होता. जर्मनीच्या कारखान्यांना मोठी बाजारपेठ हवी होती, फ्रान्सच्या शेतकऱ्यांना हवी होती. एकाने दुसऱ्यासाठी दार उघडलं. पण प्रत्यक्ष नियमांवर एकमत व्हायला १९६१ चा डिसेंबर उजाडला. ३१ डिसेंबरची मुदत टळत होती, तेव्हा बैठकीच्या खोलीतलं घड्याळच थांबवलं गेलं आणि १४ जानेवारी १९६२ पर्यंत कागदोपत्री '३१ डिसेंबर'च चालू ठेवून करार पुरा केला. सामायिक शेती धोरण जन्माला आलं.

त्याची तीन तत्त्वं होती. सहाही देशांत शेतमाल बिनशुल्क फिरेल. बाहेरच्या मालाआधी युरोपच्या मालाला पसंती मिळेल. आणि खर्च सगळे मिळून उचलतील. शेवटचं तत्त्व सगळ्यात जड गेलं. १९६५ मध्ये याच खर्चाच्या आणि अधिकारांच्या वादात फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी आपले मंत्री सहा-सात महिने बैठकांना पाठवलेच नाहीत.

हमीभाव, आणि मग लोण्याचे डोंगर

पद्धत आपल्याला चटकन समजेल, कारण आपल्याकडे हमीभावावरून रोज बोललं जातं. लोणी, दूध पावडर, गहू, साखर, गोमांस यांना ब्रसेल्स एक भाव ठरवून देई. बाजार त्याखाली गेला की सरकारी यंत्रणा माल विकत घेऊन गोदामात ठेवी. बाहेरचा माल स्वस्त असेल तर सीमेवर नेमकी तेवढीच आकारणी लागे, की तो इथल्या मालापेक्षा स्वस्त राहू नये. आणि इथला माल महाग असल्याने बाहेर खपत नसेल, तर निर्यातदाराला फरकाची रक्कम अनुदान म्हणून मिळे. आपल्याकडे हमीभाव कागदावर असतो आणि खरेदी केंद्र वेळेवर उघडत नाही, ही नेहमीची तक्रार. तिथे केंद्र कायम उघडं होतं आणि घेण्याला मर्यादाच नव्हती.

मर्यादा नसली की काय होतं? शेतकऱ्याने गाई वाढवल्या, खत वाढवलं, यंत्रं घेतली. त्याचं काहीच चुकलं नाही. भाव पक्का असताना जास्त पिकवणं हाच शहाणपणा. पण सत्तरच्या दशकात लोणी आणि दूध पावडर शीतगृहांत साचू लागली. वर्तमानपत्रांनी त्यांना 'लोण्याचे डोंगर' आणि 'वाइनची तळी' अशी नावं दिली. युरोपातल्या गृहिणीला महाग पडणारं लोणी सोव्हिएत संघाला स्वस्तात विकलं गेलं. ऐंशीच्या दशकात युरोपच्या सामायिक अर्थसंकल्पातला साधारण दोन-तृतीयांश पैसा एकट्या शेतीवर जात होता. ब्रिटनची शेती लहान, म्हणून त्याला परत फार थोडं मिळे. मार्गारेट थॅचर यांनी १९८४ मध्ये भांडून ब्रिटनच्या वर्गणीत जी सूट मिळवली तिचं मूळ इथेच.

मान्सहोल्ट यांना हे आधीच दिसलं होतं. १९६८ मध्ये त्यांनी स्वतःच सांगितलं की भाव वाढवत नेणं हा मार्ग नव्हे. लाखो छोटे शेतकरी शेतीबाहेर पडून दुसऱ्या कामांत गेले पाहिजेत आणि उरलेल्यांची शेतं मोठी झाली पाहिजेत. त्यावर जो संताप उसळला तो आजही विसरला गेलेला नाही. फेब्रुवारी १९७१ मध्ये बेल्जियमच्या शेतकऱ्यांनी चक्क गाई हाकत नेऊन मंत्रिपरिषदेच्या खोलीत घुसवल्या. पुढच्याच महिन्यात ब्रसेल्समध्ये प्रचंड मोर्चा निघाला आणि त्यात एकाचा जीव गेला. मंत्री घाबरले, योजना पातळ झाली, हमीभाव चालू राहिले. प्रत्येक मंत्र्याला घरी जाऊन आपल्या शेतकऱ्यांना तोंड द्यायचं होतं, आणि बिल तर सगळ्यांच्या सामायिक खिशातून जात होतं. मघाशी ज्या कारणाबद्दल म्हटलं, ते हेच.

लोण्याच्या त्या डोंगराचा एक तुकडा आपल्याकडेही आला, आणि तो कसा आला हे मराठी वाचकाला ठाऊक असायला हवं. युरोप जादा दूध पावडर आणि बटर ऑइल (लोण्यातलं पाणी काढून उरलेली चरबी) गरीब देशांना फुकट देऊ लागला, तेव्हा डॉ. वर्गीस कुरियन यांना धोका दिसला: हा माल स्वस्तात बाजारात ओतला गेला तर इथला गवळी संपेल. त्यांनी हा माल नाकारला नाही. जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत आलेली पावडर आणि बटर ऑइल पाण्यात मिसळून दूध तयार केलं, ते मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास इथल्या डेअऱ्यांतून इथल्याच भावाने विकलं, आणि मिळालेल्या पैशातून दूध संघ, टँकर, शीतकरण केंद्रं उभी केली. १९७० साली सुरू झालेल्या 'ऑपरेशन फ्लड'च्या पहिल्या टप्प्याचं भांडवल हे असं उभं राहिलं: १ लाख २६ हजार टन पावडर आणि ४२ हजार टन बटर ऑइल. युरोपच्या धोरणाची चूक एका देशाच्या दूरदृष्टीने सत्कारणी लावली. बाकी अनेक देशांत त्याच स्वस्त मालाने स्थानिक दूधवाल्याची वाट लावली.

दुधाला लगाम १९८४ मध्ये लागला. प्रत्येक देशाला, आणि देशात प्रत्येक गोठ्याला, दुधाचा कोटा ठरला. वर दूध घातलं तर जबर दंड. हा कोटा ३१ मार्च २०१५ पर्यंत, म्हणजे तीस वर्षांहून जास्त टिकला.

भावाऐवजी हेक्टरी पैसा

खरा बदल १९९२ मध्ये आला. आयर्लंडचे रे मॅकशॅरी तेव्हा शेती आयुक्त होते. त्यांनी धान्याचा आधारभाव तीन वर्षांत २९ टक्क्यांनी उतरवला आणि त्याची भरपाई शेतकऱ्याच्या खात्यात हेक्टरी जमा करायला सुरुवात केली. २००३ मध्ये तेव्हाचे शेती आयुक्त फ्रान्झ फिशलर यांनी आणखी एक पाऊल टाकलं: पैसा मिळण्यासाठी अमुकच पीक घ्यायला हवं ही अटच काढली. जमीन नीट राखा, पाण्याचे, जनावरांचे, पर्यावरणाचे नियम पाळा, आणि पैसे घ्या. डोंगर वितळले. निर्यात अनुदानं हळूहळू बंद झाली.

भांडणाचा मुद्दा मात्र आता वेगळा झाला. हेक्टरी पैसा म्हणजे ज्याच्याकडे जमीन जास्त त्याला पैसा जास्त. साधारण ८० टक्के रक्कम २० टक्के लाभार्थींकडे जाते, ही तिथल्या वादातली सगळ्यांत जुनी आकडेवारी आहे. शिवाय जमिनीबरोबर पैसा येतो म्हटल्यावर जमिनीचं भाडंही चढतं, म्हणजे कसणाऱ्याचा लाभ मालकाच्या खिशात जातो. छोट्याचं काय झालं ते आकड्यांत दिसतं: २००५ मध्ये आजच्या सत्तावीस देशांत सुमारे १ कोटी ४४ लाख शेतं होती, २०२० मध्ये ९१ लाख उरली. शेत चालवणाऱ्यांत चाळिशीच्या आतले जेमतेम १२ टक्के. माझ्या मते युरोपच्या धोरणाचं सगळ्यात मोठं अपयश इथे आहे. इतका पैसा ओतूनही ते छोट्या शेतकऱ्याला जमिनीवर टिकवू शकलेलं नाही.

२०२१ ते २०२७ या काळात या धोरणाला सुमारे ३८७ अब्ज युरो आहेत, सामायिक अर्थसंकल्पाचा साधारण एक-तृतीयांश. २०२३ पासून प्रत्येक देश स्वतःची योजना लिहून मंजूर करून घेतो, आणि थेट मदतीचा किमान चौथा हिस्सा पर्यावरणपूरक कामांसाठी राखून ठेवावा लागतो.

समुद्राची वाटणी

आता मासळीकडे. ३० जून १९७० हा दिवस ब्रिटन, आयर्लंड, डेन्मार्क आणि नॉर्वे यांच्याशी प्रवेशाच्या वाटाघाटी सुरू करण्याचा होता. या चौघांकडे युरोपातलं सर्वांत समृद्ध मासळीचं पाणी होतं. जुन्या सहा देशांनी नेमक्या त्याच दिवशी आपसांत ठरवून टाकलं की सदस्यांच्या समुद्रात सगळ्या सदस्यांना सारखा प्रवेश असेल. येणाऱ्यांना तयार नियम गिळावा लागला. ब्रिटिश आणि आयरिश किनाऱ्यांवर हा राग पिढ्यानपिढ्या राहिला. नॉर्वेच्या जनतेने तर १९७२ च्या सार्वमतात सदस्यत्वच नाकारलं, आणि त्यात मच्छीमारांचा मोठा वाटा होता. ग्रीनलँडही १९८५ मध्ये मासळीच्याच मुद्द्यावर बाहेर पडलं.

दरम्यान आइसलँडने आपली हद्द वाढवत २०० सागरी मैलांपर्यंत नेली आणि ब्रिटिश ट्रॉलरना हाकललं. उत्तर समुद्रातली हेरिंग नावाची मासळी इतकी संपली की १९७७ मध्ये तिची मासेमारी बंद करावी लागली. वाटणीचे नियम केल्यावाचून सुटका नव्हती. सहा-सात वर्षं भांडून २५ जानेवारी १९८३ रोजी सामायिक मत्स्य धोरण ठरलं. त्याच महिन्यात केंट कर्क नावाचे डॅनिश बोटमालक, जे युरोपीय संसदेचे सदस्यही होते, मुद्दाम ब्रिटनच्या किनाऱ्यालगतच्या बारा मैलांत जाळी टाकायला शिरले आणि पकडले गेले. पुढच्या वर्षी युरोपीय न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. वातावरण किती तापलेलं होतं याची यावरून कल्पना येईल.

वाटणीची पद्धत आपल्याकडच्या भावकीतल्या सामायिक विहिरीसारखी आहे: विहिरीत पाणी किती आहे ते दरवर्षी बघायचं, पण कोणाची पाळी किती हे आजोबांच्या वेळी ठरलेलं, ते बदलायचं नाही. प्रत्येक माशाच्या प्रत्येक साठ्याला दरवर्षी टनांचा एक एकूण आकडा ठरतो. त्यातला प्रत्येक देशाचा टक्का १९७३ ते १९७८ या वर्षांत कोणी किती मासळी धरली त्यावरून पक्का केला आहे. मासेमारीवरच जगणाऱ्या काही किनाऱ्यांना थोडं झुकतं माप दिलं, इतकंच. समजा एका साठ्यात एखाद्या देशाचा वाटा २० टक्के आहे. यंदा एकूण आकडा १० हजार टन ठरला तर त्याला २ हजार, पुढच्या वर्षी ६ हजार ठरला तर बाराशे. मग तो देश आपला हिस्सा आपल्या बोटींत त्याच्या पद्धतीने वाटतो.

याचा फायदा उघड आहे: टक्केवारीवरून दरवर्षी मारामारी होत नाही. तोटाही तितकाच उघड. सत्तरच्या दशकात ज्यांनी समुद्र जास्त उपसला त्यांना त्याचंच बक्षीस कायमचं मिळालं. शेतीत जमीन जास्त त्याला पैसा जास्त, समुद्रात जुनी लूट जास्त त्याला कोटा जास्त.

एकूण आकडा ठरतो कसा? कोपनहेगनला १९०२ पासून चालत आलेली एक आंतरराष्ट्रीय समुद्र-संशोधन परिषद आहे. तिचे शास्त्रज्ञ जहाजांनी फिरून, माशांच्या कानातल्या हाडांवरची वर्तुळं मोजून त्यांचं वय काढून, साठा किती उरला आणि किती धरला तर तो टिकेल ते सांगतात. आयोग त्यावरून प्रस्ताव मांडतो. आणि मग डिसेंबरची ती बैठक. मंत्री आळीपाळीने अध्यक्ष आणि आयोगाच्या माणसांपुढे बसतात. एकाला सोल हवा असतो, कोकणात लेप म्हणतात त्या जातीचा चपटा मासा. दुसऱ्याला हेक नावाचा मासा. तिसरा म्हणतो माझ्या किनाऱ्यावरची चार बंदरं बंद पडतील. प्रत्येकाला काही ना काही मिळालं की पंधरा देश आणि ६५ टक्के लोकसंख्या, असं बहुमत जुळतं. शेतीच्या कायद्यांवर २००९ मध्ये लागू झालेल्या लिस्बन करारापासून युरोपीय संसदेचंही मत लागतं. वार्षिक मासळीच्या आकड्यांवर मात्र लागत नाही. तो अधिकार मंत्र्यांनी स्वतःकडेच ठेवला आहे.

वर्षानुवर्षं हे आकडे शास्त्रज्ञांच्या सल्ल्याच्या वर ठरत गेले. मंत्री पहाटे बाहेर येऊन आपल्या मच्छीमारांना सांगायचे, मी तुमच्यासाठी इतके टन वाचवले. समुद्रात तेवढी मासळी होती का, हा प्रश्न त्या खोलीत विचारणाऱ्याला मत नव्हतं. २००९ मध्ये आयोगाने स्वतःच कबूल केलं की ज्यांची माहिती आहे अशा साठ्यांपैकी ८८ टक्क्यांतून झेपेल त्याहून जास्त मासळी काढली जात आहे.

दुसरी एक भयानक गोष्ट कोट्याच्याच पोटातून आली. जाळ्यात एकच जात येत नाही. हॅडक नावाच्या माशासाठी टाकलेल्या जाळ्यात कॉडही येतो. कॉडचा कोटा संपलेला असेल तर तो बंदरात उतरवणं गुन्हा, म्हणून खलाशी मेलेला, चांगला, खाण्याजोगा मासा परत समुद्रात फेकत. आयोगाच्या अंदाजाने एकूण पकडीचा जवळजवळ चौथा भाग असा वाया जात होता.

२०१३ चा कायदा या दोन्हींवर होता. ग्रीसच्या मारिया दामानाकी तेव्हा आयुक्त होत्या. साठा टिकेल एवढीच मासेमारी, ही अट उद्दिष्ट न राहता मुदतीसह कायदा झाली: जमेल तिथे २०१५ पर्यंत, उशिरात उशिरा २०२० पर्यंत. आणि धरलेली मासळी बंदरातच उतरवायची, ती कोट्यात मोजायची, हा नियम २०१५ ते २०१९ मध्ये टप्प्याटप्प्याने आला. अटलांटिक आणि उत्तर समुद्रात त्यानंतर परिस्थिती खरोखर सुधारली; मंत्र्यांचे हात थोडे का होईना बांधले गेले. भूमध्य समुद्रात सुधारणा फार मंद आहे. फेकण्यावरची बंदी तर समुद्राच्या मध्यावर पाहायला कोणी नसल्याने बरीचशी कागदावर राहिली. २०२३ मध्ये संमत झालेल्या नव्या नियमांनुसार १८ मीटर आणि त्याहून लांब, धोक्याच्या वर्गातल्या बोटींवर २०२८ पासून कॅमेरे बसतील.

जिथे शेत आणि समुद्र एकमेकांना भिडतात

बाल्टिक समुद्र हा या सगळ्याचा आरसा आहे. पूर्व बाल्टिकच्या कॉडवर पोलंड, लॅटव्हिया, स्वीडन, डेन्मार्कची किती तरी बंदरं जगत होती. जुलै २०१९ मध्ये आयोगाने तातडीने ती मासेमारी बंद केली, आणि तेव्हापासून दुसऱ्या माशांबरोबर चुकून येणाऱ्या कॉडपुरताच कोटा मिळतो. साठा अजून सावरलेला नाही.

केवळ जास्त मासेमारीने हे झालेलं नाही. बाल्टिक उथळ आहे, जवळजवळ चहूकडून बंद आहे, त्याचं पाणी बदलायला दशकं लागतात. भोवतालच्या देशांतल्या शेतांतलं नत्र आणि स्फुरद नद्यांतून त्यात उतरतं. त्यावर शेवाळ माजतं, मरतं, तळाशी कुजतं आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं. तळाचे हजारो चौरस किलोमीटर असे झाले आहेत की तिथे मासा जगू शकत नाही, आणि कॉडची अंडी जिथे तरंगत वाढतात त्या खोल, खाऱ्या थरालाच प्राणवायू उरत नाही. म्हणजे हेक्टरी पैसा घेऊन घातलेलं खत कॉडच्या अंड्यांपर्यंत पोचतं. फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावरही हेच: डुकरं-कोंबड्यांच्या दाट पशुपालनातलं नत्र खाडीत येतं, हिरवं शेवाळ किनाऱ्यावर साचून कुजतं आणि विषारी वायू सोडतं. २००९ मध्ये तिथे एक घोडा त्या चिखलात मेला, २०११ मध्ये छत्तीस रानडुकरं.

शेती आणि मासेमारी एकाच परिषदेकडे असण्याचा खरा उपयोग इथे व्हायला हवा होता. तेच मंत्री सकाळी खताचे नियम ठरवताना दुपारच्या कॉडचा विचार करू शकले असते. प्रत्यक्षात फायली वेगळ्या, अधिकारी वेगळे, आयुक्त वेगळे; आणि शेतकऱ्यांची संघटना मच्छीमारांच्या संघटनेपेक्षा कितीतरी ताकदवान. मला या साऱ्या धोरणात याहून मोठी निसटलेली संधी दिसत नाही.

बाहेर पडलेला ब्रिटन, रस्त्यावर आलेले ट्रॅक्टर

ब्रेक्झिटच्या प्रचारात मासेमारीचा आवाज तिच्या अर्थव्यवस्थेतल्या आकारापेक्षा खूप मोठा होता. २४ डिसेंबर २०२० च्या करारात शेवटचा अडलेला मुद्दाही मासळीच होती. ठरलं असं की ब्रिटिश पाण्यातल्या युरोपीय कोट्याचा मूल्याने चौथा भाग टप्प्याटप्प्याने ब्रिटनकडे जाईल आणि जून २०२६ पर्यंत युरोपच्या बोटींना प्रवेश राहील. मे २०२५ मध्ये हा प्रवेश थेट २०३८ पर्यंत वाढवला गेला. आता उत्तर समुद्राच्या साठ्यांवर दरवर्षी युरोपीय संघ, ब्रिटन आणि नॉर्वे वेगळे बसतात. मॅकरेलच्या बाबतीत, म्हणजे आपल्या बांगड्याच्या कुळातल्या माशाबाबत, आइसलँड आणि फेरो बेटंही आहेत, आणि प्रत्येकाने आपापला कोटा जाहीर केल्यावर बेरीज वर्षानुवर्षं शास्त्रज्ञांनी दिलेल्या आकड्याच्या बरीच वर जात आली आहे. एका टेबलाचे तोटे मी वर सांगितले. टेबलच नसलं तर काय होतं ते मॅकरेल सांगतो.

जमिनीवर २०२४ च्या जानेवारी-फेब्रुवारीत जर्मनी, फ्रान्स, पोलंड, बेल्जियम सगळीकडे ट्रॅक्टर निघाले. जर्मनीत शेतीच्या डिझेलवरची सवलत जात होती, पोलंडमध्ये युक्रेनच्या धान्याने भाव पडले होते, सगळीकडे कागदपत्रांचा वैताग होता. आयोगाने कीटकनाशकं कमी करण्याचा प्रस्ताव मागे घेतला आणि चार टक्के जमीन पडीक ठेवण्याची अट काढली. शेतकऱ्यांच्या तक्रारी खऱ्या होत्या. पण भाव, भाडं आणि खर्च यांवरचं उत्तर अवघड होतं, म्हणून निसर्गाच्या अटी सोडणं सोपं पडलं.

मिरकरवाडा आणि नाशिकपर्यंत

या टेबलावरचे नियम महाराष्ट्रात कागद होऊन येतात. ससून डॉकला किंवा मिरकरवाड्याला उतरलेलं माकूळ युरोपला जायचं असेल तर १ जानेवारी २०१० पासून त्याच्याबरोबर पकडीचा दाखला लागतो: बोट कोणती, नोंदणी काय, कुठल्या पाण्यात धरलं. चोरटी मासेमारी रोखायला युरोपने हा नियम सगळ्या जगाला लावला. त्याच २०१० च्या हंगामात नाशिकच्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ-नियंत्रक रसायनाचे अंश सापडले, माल तिथे अडकला आणि बागायतदारांचं अतोनात नुकसान झालं. तेव्हापासून प्लॉट नोंदणी आणि रेसिड्यू (रसायनांचे अंश) तपासणी हा बागेच्या कामाचाच भाग झाला आहे. मे २०१४ मध्ये फळमाशी आणि इतर किडींमुळे आंबा, वांगं, कारलं, पडवळ आणि अळू यांवर बंदी आली. आंब्यावरची पुढच्या वर्षी उठली. हे नियम कडक आहेत, आणि खाणाऱ्याच्या दृष्टीने बहुतांशी योग्यही. ते ठरतात तिथे आपला आवाज नसतो, म्हणून ते ठरण्याआधी वाचणारी माणसं आपल्या निर्यातदारांकडे आणि कृषी विद्यापीठांकडे असायला हवीत.

पुढचा फेरा पैशाचा आहे. १६ जुलै २०२५ रोजी आयोगाने २०२८ ते २०३४ चा अर्थसंकल्प मांडला. त्यात शेती, मासेमारी आणि मागास प्रदेशांची मदत यांचा प्रत्येक देशासाठी एकच निधी करायचा प्रस्ताव आहे. शेतकऱ्यांच्या उत्पन्नासाठी किमान ३०० अब्ज युरो राखीव ठेवले आहेत. मासेमारीसाठी किमान २ अब्ज. सध्याच्या सात वर्षांत तिच्या निधीत ६.१ अब्ज आहेत. शेतकरी संघटनांना भीती आहे की प्रत्येक देश आपापली थैली सोडू लागला की १९६२ पासूनचं 'खर्च सगळ्यांचा' हे तत्त्वच सैल होईल, आणि मला ती भीती रास्त वाटते. डिसेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टर पुन्हा ब्रसेल्सला आले. या अर्थसंकल्पाला संसदेची संमती आणि सत्तावीसही सरकारांचं एकमत लागतं, आणि सध्याचा ३१ डिसेंबर २०२७ ला संपतो.